घेवडा, नीरा आणि द्राक्षाची डोकेदुखी : डॉ. कमला सोहोनी यांचा शोधप्रवास

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या परिसरात घेवड्याचे महत्त्व कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. फिकट तांबूस दाण्यावर गडद पट्टे मिरवणारा वाघ्या घेवडा ही कोरेगाव तालुक्याची ओळख आहे आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. हा घेवडा रात्रभर भिजवायचा, भिजवणाचे पाणी टाकून द्यायचे आणि दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत चांगला उकळायचा, ही घरोघरची रीत. ती मोडली आणि दाणा कच्चा राहिला, तर उलट्या आणि पोटदुखी मागे लागते. असे का होते, हे मात्र घराघरांत फारसे विचारले जात नाही.

रहिमतपूर स्थानकातून मिरजेकडे निघालेली गाडी कऱ्हाड मागे टाकून किर्लोस्करवाडीला पोहोचते. तेथून पलूस जवळच. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, त्यातून नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची योजना पुढे आली. द्राक्षाच्या या पेयाबाबतही एक जुनी तक्रार जगभर ऐकू येते. एखाद-दुसरा पेला तांबडी वाइन घेतली, की काही जणांचे डोके अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांच्या आत ठणकू लागते. तीच माणसे इतर मद्ये घेतात तेव्हा तितक्याच प्रमाणात हा त्रास होईलच असे नाही. असे का होते, याचेही उत्तर फार काळ कोणाला नीट देता आले नव्हते.

घेवड्याची पोटदुखी आणि वाइनची डोकेदुखी यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तथापि आजच्या जीवरसायनशास्त्राने दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारच्या घटनेकडे बोट दाखवले आहे. वनस्पतीतील एखादे द्रव्य आपल्या शरीरातील एखाद्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवून धरते. विकरांचे आणि त्यांना अडवणाऱ्या द्रव्यांचे हे शास्त्र आपल्या देशी अन्नाला लावून पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत एका मराठी विदुषीचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

रसायनशास्त्राचे घराणे

कमला भागवत यांचा जन्म गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत या दोघांचा समावेश होता. थोरली बहीण दुर्गा म्हणजेच पुढे लोकसंस्कृतीच्या अभ्यासिका आणि साहित्यिका म्हणून कीर्ती पावलेल्या दुर्गा भागवत. एका बहिणीने लोकांच्या कथा, व्रते आणि चालीरीती यांचा मागोवा घेतला, तर दुसरीने लोकांच्या ताटातल्या अन्नाचा.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी अव्वल क्रमांकाने मिळवली. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले, त्याच संस्थेत संशोधन करायचे हे त्यांच्या मनाने घेतलेले होते. गुणांचा प्रश्न नव्हताच. त्यामुळे प्रवेश मिळेल, याविषयी घरात कोणालाही शंका नव्हती.

बंगळूरचा बंद दरवाजा

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिकाने तीन वर्षांपूर्वीच त्यांचा गौरव झाला होता. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला आणि नाकारण्याचे कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. वडील आणि काका यांनी रदबदली केली, पण तिचा उपयोग झाला नाही. कमलाबाईंनी मात्र माघार घेतली नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे सबळ कारण मिळाल्याखेरीज परतण्यास त्यांनी साफ नकार दिला.

अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. ही शेवटची अट त्यांच्या मनाला किती लागली असेल, याची कल्पना करता येते. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्याविषयी त्या मोकळेपणाने बोलत असत. पण त्या वेळी मात्र त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला सुरुवात केली.

मार्गदर्शक म्हणून लाभलेले श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्याची पारख असलेले शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळ-उसळीतून, त्या देशाच्या दृष्टीने हा विषय जिव्हाळ्याचा होता. वर्षभरात रामन यांचे मत बदलले. कमलाबाईंना रीतसर प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींसाठीही उघडली. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली.

केंब्रिज आणि बटाटा

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीमुळे १९३७ साली त्यांना केंब्रिज गाठता आले. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांचा तेथील जीवरसायन विभाग त्या काळी विकरांच्या अभ्यासाचे जगातले एक मोठे पीठ होते. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्या आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले.

संशोधनासाठी पुढ्यात आला तो बटाटा. प्राण्यांच्या पेशी ज्या द्रव्याच्या साहाय्याने श्वसन करतात, त्या सायटोक्रोम सी या प्रथिनाचा अभ्यास केंब्रिजमध्ये आधीपासून चालू होता. बटाट्यावर काम करत असताना वनस्पतींच्या पेशींतही हे द्रव्य असते आणि त्यांच्या श्वसनात त्याचा सहभाग असतो, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. सुमारे चौदा महिन्यांच्या कामानंतर त्यांनी केवळ चाळीस पानांचा प्रबंध सादर केला आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

केंब्रिजने त्यांना एक दृष्टी दिली. अन्न म्हणजे केवळ प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ यांची बेरीज नव्हे. अन्न शरीरात गेल्यावर एकेका पायरीवर एकेक विकर त्यावर काम करते आणि ते काम अडले, तर उत्तम अन्नही अंगी लागत नाही किंवा त्रासदायक ठरते. कमलाबाईंच्या पुढील आयुष्यातील संशोधनाचा हाच पाया होता.

देशाच्या ताटातले प्रश्न

परदेशात राहून नाव कमावणे त्यांना शक्य होते. पण गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि आपले ज्ञान देशाच्या कामी यावे, ही ओढ होती. १९३९ सालीच त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांविषयी संशोधन केले. १९४७ साली विमाशास्त्रज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि येथेच त्यांच्या कार्याला खरा बहर आला.

आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांनी हाती घेतलेल्या विषयांची यादी पाहिली, तर ती वाण्याच्या दुकानातली वाटावी. डाळी, कडधान्ये, भाताची कणी, ताडगूळ, नीरा. गरिबाच्या घरात जे पोहोचते त्याची पारख प्रयोगशाळेत व्हावी, हा त्यांचा कटाक्ष होता.

त्यांपैकी कडधान्यांचे काम येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे तुकडे करते. हे तुकडे झाल्याखेरीज प्रथिने रक्तात शिरू शकत नाहीत. काही शेंगवर्गीय बियांत मात्र ट्रिप्सिनला घट्ट धरून त्याचे काम बंद पाडणारी द्रव्ये असतात. किडी आणि जनावरे यांच्यापासून बीचे रक्षण व्हावे यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज म्हणता येईल. भारतीय भाज्या आणि कडधान्ये यांतील अशा द्रव्यांवरचे कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे निबंध १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९५५ साली पावटा आणि डबल बी यांतून अशी द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचे त्यांचे संशोधन ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले.

स्फटिकरूपात वेगळे करणे याला महत्त्व आहे. अमुक कडधान्य पचायला जड आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनाच ठाऊक असते. पण जडपणा कोणत्या द्रव्यामुळे येतो, ते द्रव्य किती आहे, उष्णतेने ते नष्ट होते की नाही, हे कळल्यावाचून नेमका उपाय सांगता येत नाही. दोषी द्रव्य हाती लागले, की उपायही दिसू लागतो. या द्रव्यांपैकी पुष्कळशी पाण्यात चांगले उकळल्याने निकामी होतात. घेवड्याच्या जातीत याखेरीज लेक्टिन वर्गातील एक विषारी प्रथिनही असते आणि कच्च्या दाण्याच्या उलट्या प्रामुख्याने त्याच्यामुळे होतात. तेही भिजवून, पाणी टाकून आणि खळखळ उकळूनच निष्प्रभ होते. मंद आचेवर, उकळी न आणता शिजवलेला दाणा कधीकधी कच्च्याहूनही घातक ठरतो. रहिमतपूरच्या सुगरणीची रीत अशा रीतीने प्रयोगशाळेच्या कसोटीलाही उतरते.

ताडाच्या झाडाखालचा प्रश्न

कमलाबाईंचे नाव सर्वाधिक जोडले गेले ते नीरेशी. ताड, माड आणि शिंदी या झाडांच्या पोयीला किंवा खोडाला छेद देऊन मिळणारा गोड रस म्हणजे नीरा. ग्रामोद्योगाच्या चळवळीत गांधीजींनी नीरेला आणि ताडगुळाला महत्त्व दिले होते. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडी-माडी काढणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्याच झाडांचा रस न आंबवता विकता आला, तर रोजगारही टिकेल आणि व्यसनही लागणार नाही, असा विचार मूळ धरू लागला. नीरेची पोषणाच्या दृष्टीने पारख व्हावी, असे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवले आणि कमलाबाईंनी ते काम अंगावर घेतले.

नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह असल्याचे त्यांच्या प्रयोगशाळेला आढळून आले. रस आटवून केलेल्या पदार्थांतही ही पोषकद्रव्ये बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात, असेही दिसले. आदिवासी भागातील कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा आहारात पूरक म्हणून उपयोग केला असता त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने सन्मानित करण्यात आले.

नीरेची अडचण मात्र तिच्या गोडव्यातच आहे. दहा टक्क्यांहून अधिक साखर असलेला हा रस झाडावरच्या मडक्यात थेंबथेंब साठत असतानाच हवेतील, सालीवरील आणि जुन्या मडक्यातील यीस्ट व जिवाणू त्यात शिरतात. ऊन चढू लागले, की काही तासांत आंबण्याची क्रिया वेग धरते. साखरेचे अल्कोहोल होते, जोडीला आम्ले तयार होतात आणि नीरेची ताडी बनते. पहाटेचे पेय दुपारी निराळेच होऊन बसते.

यावर उपाय शोधायचा, तर आंबवते कोण, हे आधी जाणावे लागते. मडक्याला आतून चुन्याचा हात देण्याची पद्धत प्रचलित आहे. चुन्यामुळे रसाचा आम्लपणा कमी होतो आणि यीस्ट-जिवाणूंची वाढ मंदावते. पण चुना अधिक झाला, तर चव बिघडते आणि तो काढून टाकण्याची आणखी एक प्रक्रिया करावी लागते. दुसरा मार्ग शीतकरणाचा. कासारगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने माडाचा रस झाडावरच बर्फाच्या वेष्टणातील डब्यात जमा करण्याचे साधन तयार केले असून त्यात चुन्याची गरज पडत नाही. पुढे रस गरम करून निर्जंतुक करणे किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळणे हेही उपाय वापरले जातात. यांतला प्रत्येक उपाय त्या सूक्ष्मजीवांना उद्देशून आहे. म्हणूनच तो लागू पडतो.

ताडीपासून वाइनपर्यंत

आंबलेल्या पेयाने डोके का दुखते, हा प्रश्न येथूनच पुढे निघतो. पोटात गेलेल्या अल्कोहोलचे यकृतात एका विकराच्या साहाय्याने अॅसिटाल्डिहाइड होते. हे द्रव्य शरीराला विषासमान आहे. अल्डिहाइड डिहायड्रोजनेज नावाचे दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी अॅसिटेट करते. ही दुसरी पायरी अडली, तर अॅसिटाल्डिहाइड साचते. मग चेहरा लाल होतो, मळमळते आणि डोके दुखते. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत या विकराचा दुबळा प्रकार जन्मतःच असतो, त्यामुळे थोड्याशा मद्यानेही त्यांची अशी अवस्था होते. दारू सोडवण्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेले डायसल्फिराम हे औषध याच विकराला जाणूनबुजून अडवते.

ताडीच्या बाबतीत आणखी एक भयंकर गोष्ट आहे. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगी आणणारे रसायन मिसळण्याचे प्रकार महाराष्ट्रात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. तेथील डोकेदुखी ही आंबण्याची नसून विषाची असते आणि तिला उपाय तंत्रज्ञानाचा नव्हे, तर कायद्याच्या अंमलबजावणीचा आहे.

तांबड्या वाइनचे कोडे मात्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. प्रथम दोष दिला गेला तो सल्फाइटांना. वाइन टिकावी म्हणून ही द्रव्ये घालतात आणि दम्याच्या काही रुग्णांना त्यांचा त्रास होऊ शकतो. पण पांढऱ्या वाइनमध्ये सल्फाइटे सहसा तांबडीपेक्षा अधिक असतात, सुकवलेल्या जर्दाळूंत तर त्याहूनही अधिक. मग डोके तांबडीनेच का दुखावे, याचा उलगडा होत नाही. दुसरा संशय हिस्टामिन आणि टायरामिन या द्रव्यांवर होता. आंबण्याच्या नंतरच्या टप्प्यात काम करणाऱ्या जिवाणूंमुळे ती तयार होतात. तांबड्या वाइनमध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते हे खरे. ज्यांच्या शरीरात हिस्टामिन मोडणारे विकर कमी आहे, त्यांना त्याचा त्रास होऊही शकतो. पण मुरवलेल्या चीजमध्येही ही द्रव्ये विपुल असतात आणि चीज खाणारे सगळे डोके धरून बसत नाहीत.

२०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी एक नवी शक्यता मांडली. द्राक्षाच्या सालीत क्वर्सेटिन नावाचे द्रव्य असते. कांद्यातही ते भरपूर असते आणि कांदा खाऊन कोणाचे डोके दुखत नाही. पण शरीरात क्वर्सेटिनचे जे रूपांतर होते, ते प्रयोगशाळेतील चाचण्यांत अॅसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या त्याच विकराला अडवताना आढळले. म्हणजे कांद्याबरोबर अल्कोहोल नसते, म्हणून तो निर्धोक. तांबड्या वाइनमध्ये मात्र अल्कोहोल आणि त्याच्या निचऱ्याला अडवणारे द्रव्य एकाच पेल्यात येतात. तांबडी वाइन सालीसह आंबवतात आणि पांढरी सहसा सालीविना, म्हणून हा भेदही जुळतो. अर्थात हे परीक्षानळीतील निष्कर्ष आहेत. माणसांवरील चाचण्यांतून ते सिद्ध झाल्याखेरीज शेवटचा शब्द मानता येणार नाहीत.

कमलाबाईंनी वाइनवर संशोधन केले नव्हते. पण वनस्पतीतील द्रव्य शरीरातल्या विकराला अडवते, ही पावट्याच्या दाण्यात त्यांनी तपासलेली गोष्ट आणि द्राक्षाच्या सालीविषयीची ही नवी उपपत्ती एकाच जातकुळीतल्या आहेत.

यंत्राने डोकेदुखी टळेल काय?

बाजारात आज वाइनमधून सल्फाइटे किंवा हिस्टामिन शोषून घेण्याचा दावा करणाऱ्या काड्या आणि गाळण्या मिळतात. ज्याला खरोखरच त्या द्रव्यांचा त्रास आहे, त्याला त्यांचा थोडाफार उपयोग होईलही. पण दोष क्वर्सेटिनचा असेल, तर सल्फाइट गाळून काय साधणार? अल्कोहोलचा स्वतःचा परिणाम, शरीरातील पाणी कमी होणे, झोप बिघडणे, यांना तर कोणतीही गाळणी आवर घालू शकत नाही. कॅनडातील संशोधकांनी जिवाणूंचे काम स्वतःच करणारे जनुकबदल केलेले यीस्ट तयार केले, ते हिस्टामिनसारखी द्रव्ये टाळण्यासाठी. या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. तेही एका विशिष्ट द्रव्यापुरतेच आहे.

क्वर्सेटिनची उपपत्ती खरी ठरली, तर उपाय कदाचित पेल्यात नव्हे, तर द्राक्षबागेत सापडेल. द्राक्षाचा घड उन्हात जितका उघडा, तितके त्याच्या सालीत क्वर्सेटिन अधिक, कारण उन्हापासून रक्षणासाठीच वेल ते तयार करते. घडांवर पानांची सावली किती ठेवायची, साल रसात किती दिवस मुरू द्यायची, या गोष्टी बागाईतदार आणि वाइन करणारे यांच्या हातात आहेत. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करून वेलीचा विस्तार काटेकोरपणे सांभाळणाऱ्या आपल्या द्राक्ष उत्पादकांना ही भाषा अपरिचित नाही. तोवर ज्याला त्रास होतो त्याने ती वाइन टाळावी, हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय. वारंवार अर्धशिशी उठत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे ओघाने आलेच.

प्रयोगशाळेबाहेरची प्रयोगशाळा

दोषी द्रव्य ओळखल्याशिवाय उपाय सांगू नये, हा शास्त्राचा नियम कमलाबाईंनी सामान्य ग्राहकापर्यंतही नेला. आरे दूध प्रकल्पाला दूध नासू नये यासाठी त्यांनी मार्गदर्शन केले. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहक संस्था स्थापन केली, त्यांत त्यांचा पुढाकार होता. अन्नातील भेसळ घरच्या घरी आणि सोप्या साधनांनी कशी ओळखावी, हे संस्थेने लोकांना शिकवले. १९८२-८३ मध्ये कमलाबाई संस्थेच्या अध्यक्षा होत्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्या लिहीत असत. बाजारातल्या जाहिरातीवर विसंबू नका, पदार्थात काय आहे ते तपासा, हाच त्या लेखनाचा आशय होता.

मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण तेही अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षांच्या विलंबाने. बंगळूरला दारात अडवले गेलेल्या विद्यार्थिनीला वरच्या पायरीवरही थांबावे लागले. मुले घडवली, शोधनिबंध प्रसिद्ध केले, कुपोषितांच्या अन्नाचा प्रश्न उचलला, तरी शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले नाही. बहिणीच्या साहित्यकीर्तीच्या मानाने त्या अपरिचितच राहिल्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांना कमलाबाईंच्या कार्याची माहिती मिळाली, तेव्हा त्यांना नवल वाटले आणि त्यांनी दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार आयोजित केला. १९९८ साली झालेल्या या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. गौरव आला तो असा अखेरच्या क्षणी.

आज पलूसच्या किंवा नाशिकच्या वाइनवर चर्चा होते, नीरा बाटलीत भरून विकण्याच्या योजना निघतात आणि वाघ्या घेवड्याला मानांकन मिळते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. वनस्पतीने दिलेले अन्न किंवा पेय माणसाला सोसावे, यासाठी त्यातले नेमके काय काढायचे, काय टिकवायचे आणि कोणत्या पायरीवर? कमलाबाईंनी या प्रश्नाची उत्तरे पावट्याच्या दाण्यात आणि ताडाच्या मडक्यात शोधली, तीही ज्यांच्यापर्यंत दुसरे काही सहसा पोहोचत नाही अशा माणसांसाठी. रहिमतपूरच्या एखाद्या घरात रात्री घेवडा भिजत घातला जातो आणि सकाळी त्याचे पाणी ओतून दिले जाते, तेव्हा त्या रीतीमागचे शास्त्र उलगडणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती, एवढे तरी नव्या पिढीला ठाऊक असायला हवे.